मायावी कुठे उभा आहे?

(लोणखेडा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'आभासी वास्तव : इतिहास आणि विकास'. संयोजक म्हणाले, सर, समोर इंजिनिअरिंगची मुलं असतील, जरा सोपं बोला. आम्ही म्हटलं, यंत्राचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनीच आम्हाला सोपं करून सांगावं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आज इतिहास सांगू, पण त्या इतिहासाकडे बघायची जी रीत पडली आहे तिच्याशी थोडं भांडूही.

भांडण शब्दापासूनच सुरू होतं. 'आभासी' हा शब्द आपल्याकडे कुठून आला? तुम्ही शाळेत आरशाचा आणि भिंगाचा धडा शिकलात. त्यात दोन प्रतिमा होत्या, वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा. पडद्यावर धरता येते ती वास्तव, धरता येत नाही ती आभासी. इंग्रजीतला 'व्हर्च्युअल' तिथे 'आभासी' झाला आणि पुढे तसाच या नव्या तंत्राला चिकटला. आता गंमत बघा. या शब्दाचं मूळ लॅटिन 'व्हर्टुस'मध्ये आहे. त्याचा अर्थ बळ, अंगचा गुण. इंग्रजी माणूस 'व्हर्च्युअल' म्हणतो तेव्हा त्याला 'नावाने नव्हे, पण परिणामाने तेच' असं म्हणायचं असतं. आपण 'आभासी' म्हणतो तेव्हा आपल्या कानाला 'खोटं' ऐकू येतं. एकाच वस्तूबद्दल दोन भाषा दोन टोकांना उभ्या आहेत.

याचा परिणाम असा की मराठीत या विषयावर कोणी बोलायला लागलं की पहिला प्रश्न येतो, हे खरं की खोटं? मग लगेच शंकराचार्य येतात, दोरी येते, साप येतो, 'जग मिथ्या' येतं. आम्हीही तरुणपणी असं बोललो असतो. पण नीट पाहा. दोरीवर साप दिसतो तेव्हा तो साप आहे असंच आपल्याला वाटत असतं. दिवा आणला की साप जातो. याला आपल्या शास्त्रात बाध म्हणतात. डोळ्यांवर तो चष्मा, म्हणजे तुमचा हेडसेट, चढवणाऱ्याला पहिल्या क्षणापासून माहीत असतं की हे यंत्र आहे. ज्ञान आधीच झालेलं आहे. तरी कड्याचं टोक दिसलं की पाय मागे येतो. बाध झाला तरी साप जागचा हलत नाही, असा हा प्रकार.

वेदान्ताचा कोणी अभ्यासक इथे असेल तर तो म्हणेल, सर, हा सोपाधिक भ्रम झाला. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली तर स्फटिक लाल दिसतो, आणि तो लाल नाही हे कळलं तरी लालच दिसत राहतो. मान्य, हा दृष्टान्त जास्त जवळचा आहे. पण स्फटिक आपल्याला उत्तर देत नाही. आपण मान वळवली म्हणून तो वेगळं काही दाखवत नाही. इथे यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीला उत्तर देतं. म्हणून खरं-खोटं हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. तो चुकीचा नाही, पण त्याने या इतिहासातलं फारसं काही उलगडत नाही.

मग विचारायचं काय? त्यासाठी आधी सारंगखेड्याला जाऊ. दत्तजयंतीची यात्रा. लोक घोड्यांचा बाजार बघायला येतात, पण आमच्या लहानपणी आमची धाव बायस्कोपच्या पेटीकडे असायची. पत्र्याची रंगवलेली पेटी, तिला चार-पाच भोकं, प्रत्येक भोकाला भिंग. डोळा लावला, दोन्ही बाजूंना हात धरून उजेड अडवला की आपण यात्रेत नसायचो. आत ताजमहाल, राणीचा दरबार, मुंबईची ट्राम. पण पेटीवाला बाहेर उभा राहून गात असायचा. चित्र बदललं की गाण्यातलं कडवं बदलायचं. शेजारच्या भोकाला डोळा लावलेला मित्र ओरडायचा, "अरे हत्ती बघ!" आणि आम्हाला तोच हत्ती दिसत असायचा. डोळा एकटा होता, कान मात्र यात्रेतच होता.

यापेक्षा मोठी परंपरा कल्याणची. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाहून जास्त दिवे, काचा झरझर बदलून चित्रातली माणसं हलल्यासारखी दाखवायची, आणि जोडीला कथा, संवाद, गाणी. रामायण-महाभारतातले प्रसंग लोकांनी असे पडद्यावर हलताना पाहिले. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आपल्याकडच्या चलचित्राच्या इतिहासात पटवर्धनांचं नाव येतं, पण आभासी वास्तवाच्या इतिहासात कोणी घेत नाही. ते घ्यावं असं आम्हाला वाटतं, आणि ते केवळ 'आमच्याकडे हे आधीच होतं' या अभिमानापोटी नव्हे. त्या खोडीचा आम्हाला कंटाळा आहे. कारण त्या नावात आहे. शंबर हा मायावी असुर. त्याच्यावरून 'शांबरी' म्हणजे माया, जादू. पटवर्धनांनी पाटीवरच लिहून टाकलं की ही माया आहे, या, बघा. आणि माया दाखवणारा तिथेच, त्याच मांडवात हजर.

इथे आचार्यांचा एक दृष्टान्त उसना घेतो. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायावरच्या भाष्यात एक मायावी येतो. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढताना तो लोकांना दिसतो. पण खरा मायावी जमिनीवरच उभा असतो. आचार्यांना तिथे जीव आणि ईश्वर यांच्या भेदाबद्दल बोलायचं आहे, आपल्याला नाही. आपण फक्त एवढंच घेऊ की मायेचा खेळ पाहताना वर कोण चढला याबरोबरच खाली कोण उभा आहे तेही बघावं. आमचा प्रश्न तोच आहे. मायावी कुठे उभा आहे? आणि त्याला हाक मारली तर ऐकू जाते का?

आता हा प्रश्न हातात धरून यंत्राचा इतिहास पाहू.

१८३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने दाखवून दिलं की दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांचं एकच खोलीचं दृश्य बनवतो. त्याचं यंत्र आरशांचं होतं. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचं सुटसुटीत यंत्र केलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ते आवडलं आणि मग घरोघरी गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन कंपन्या भारताच्या अशा जोडचित्रांचे संच विकत होत्या. बोस्टनच्या दिवाणखान्यात बसून काशीचा घाट बघायचा. घाटावरच्या माणसाला मात्र आपल्याकडे कोण बघतं आहे याचा पत्ता नाही. मायावी तेव्हाच लांब गेला होता.

मग मॉर्टन हायलिग. हा सिनेमातला माणूस. त्याच्या 'सेन्सोरामा' यंत्राला १९६२ मध्ये पेटंट मिळालं. खुर्चीत बसायचं, तोंड पेटीत घालायचं, ब्रुकलिनच्या रस्त्यावरून मोटरसायकलची सफर. खुर्ची हादरते, वारा लागतो, वास येतो. भांडवल मिळालं नाही म्हणून ते यंत्र मागे पडलं. पण त्यात एक उणीव होती ती पैशाची नव्हती. बघणाऱ्याने मान वळवली तरी रस्ता तोच राहायचा. तो प्रवासी होता, चालवणारा नव्हता.

ती उणीव आयव्हन सदरलँडने भरून काढली. १९६५ मध्ये त्याने एका छोट्या निबंधात अशा खोलीची कल्पना मांडली जिथे संगणक पदार्थाचं असणंच ताब्यात ठेवील, म्हणजे खुर्ची दाखवली तर बसता येईल आणि गोळी दाखवली तर माणूस मरेल. १९६८ मध्ये त्याने डोक्यावर चढवायचं यंत्र करून दाखवलं. ते इतकं अवजड होतं की छताला टांगावं लागे. दिसायचं काय? रेषांचा एक चौकोनी ठोकळा, बस. पण मान वळवली की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. या शास्त्राची खरी जन्मतारीख ही. काचेतून मागची खोलीही दिसत राहायची, हे विसरू नका. पहिला प्रयोग माणसाला खोलीतून उचलून नेणारा नव्हता. खोलीतच एक जास्तीची वस्तू आणून ठेवणारा होता.

१९८० च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्याच्या व्हीपीएल कंपनीने हातमोजे आणि चष्मे विकायला काढले, आणि 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द जगभर गेला. शब्द मात्र त्याहून जुना आहे. फ्रान्सच्या आंतोनँ आर्तोने १९३८ च्या पुस्तकात तो रंगभूमीसाठी वापरला होता. हेही आम्हाला अर्थपूर्ण वाटतं. हा शब्द आधी नाटकाचा होता, म्हणजे एका छताखाली बसलेल्या माणसांचा. व्हीपीएल काही वर्षांतच बुडाली. १९९५ मध्ये निन्टेंडोचा 'व्हर्च्युअल बॉय' आला आणि वर्षभरात गेला. मग २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने ऑक्युलससाठी लोकांकडून पैसे उभे केले, आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याची पेटी आणली. दोन भिंगं, आत मोबाइल. ब्रूस्टरची पेटी दीडशे वर्षांनी परत आली, या वेळी मान वळवली तर उत्तर देणारी. २०२१ मध्ये फेसबुकने कंपनीचं नावच 'मेटा' केलं.

हा इतिहास नेहमी एकाच चालीत सांगितला जातो. चित्र स्पष्ट झालं, उशीर कमी झाला, वजन उतरलं, म्हणजे प्रगती झाली. तंत्रज्ञ सांगतात की मान वळणं आणि चित्र बदलणं यांत सुमारे वीस मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं तर मळमळायला लागतं. हे सगळं मोलाचं काम आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी सांगायला तुमचा तो भिंगाचाच धडा कामाला येतो.

खरोलिकेत दिव्याचा प्रकाश पडद्यावर पडायचा. शास्त्राच्या भाषेत ती वास्तव प्रतिमा, पडद्यावर धरलेली. म्हणून मांडवातली सगळी माणसं ती एकदम बघू शकत. चष्म्यात मात्र छोटा पडदा भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत असतो, आणि दिसते ती आभासी प्रतिमा. ती बाहेरच्या पडद्यावर धरता येत नाही. ज्याचा डोळा भिंगाला लागला त्यालाच ती दिसते. म्हणजे पाठ्यपुस्तकातला शब्द अगदी नेमका होता, फक्त आपण त्यातून भलताच अर्थ घेतला. इथे 'आभासी' म्हणजे खोटी नव्हे, एकट्याची. बायस्कोपच्या पेटीतली प्रतिमाही एकट्याचीच होती, पण पेटीवाल्याचा आवाज ती सगळ्यांची करून टाकायचा.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे टोचत असावं. २०२४ मध्ये ॲपलचं 'व्हिजन प्रो' आलं. त्याच्या बाहेरच्या काचेवर आतल्या माणसाच्या डोळ्यांचं चित्र दिसतं, समोरच्याला वाटावं की तो आपल्याकडे बघतो आहे. आधी डोळे झाकायचे आणि मग झाकणावर डोळे काढायचे!

तत्त्वज्ञांपैकी डेव्हिड चाल्मर्सचं 'रिॲलिटी प्लस' हे २०२२ चं पुस्तक आम्ही मुलांना वाचायला सांगतो. त्याचं म्हणणं असं की आभासी जगातल्या वस्तू खोट्या नाहीत, त्या डिजिटल वस्तू म्हणून खऱ्याच आहेत, आणि तिथलं जगणंही अर्थपूर्ण असू शकतं. हे धाडस आम्हाला आवडतं. 'आभासी म्हणजे खोटं' या आपल्या सवयीला ते औषध आहे. पण पुस्तकाचा कणा शेवटी खरं-खोटं याच प्रश्नाचा राहतो. त्या जगाचा मालक कोण, याची तो दखल घेतो, नाही असं नाही. आमच्या मते मात्र सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

दुसरा दावा सिनेमावाल्यांचा. २०१५ मध्ये सीरियन निर्वासितांच्या जॉर्डनमधल्या झातारी छावणीवर 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' नावाचा सभोवार दिसणारा लघुपट आला. बारा वर्षांची मुलगी तिचं दैनंदिन जगणं सांगते. दावोसला जमलेल्या बड्या लोकांना तो दाखवला, आणि करणाऱ्यांपैकी ख्रिस मिल्कने या तंत्राला सहानुभूतीचं यंत्र म्हटलं. पेशव्यांच्या रमण्यातल्या दक्षिणेसारखा हा प्रकार होऊ नये, एवढीच आमची भीती. देणाऱ्याला पुण्य लागतं, घेणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. तुम्ही सिद्राच्या तंबूत बसता, पण ती तुम्हाला बघू शकत नाही, परत प्रश्न विचारू शकत नाही. आपल्याला न बघणाऱ्या माणसाच्या घरात जाऊन बसणं याला आपल्याकडे पाहुणचार म्हणत नाहीत.

हे आम्ही लांबचं बोलतो आहोत असं वाटेल, म्हणून आता जवळचं सांगतो.

सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या जिल्ह्यातली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरलं. तिथली बरीच माणसं आज शहादा-तळोदा तालुक्यांतल्या वसाहतींत राहतात. गेल्या वर्षी इथल्याच काही मुलांनी, त्यातली दोघं समोर बसली आहेत, होडीतून जाऊन सभोवार टिपणाऱ्या कॅमेऱ्याने नर्मदेच्या फुगवट्याचं चित्रण केलं आणि वसाहतीत नेलं. आम्हीही बरोबर गेलो. तिथे आमच्याच वयाचे एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांचं गाव पाण्याखाली आहे. मुलांनी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

भाऊ आधी गप्प. मग मान वळवत वळवत एका जागी थांबले. डोंगराचा माथा ओळखला. हात वर करून बोट दाखवलं आणि पावरीत काहीतरी म्हणाले. आम्ही दहा-बारा माणसं भोवती उभी होतो. सगळ्यांनी बोटाच्या दिशेने पाहिलं. तिथे शाळेची भिंत होती.

मग भाऊंनी खाली पाहिलं. गाव खालीच होतं ना, पाण्यात. तुम्हाला माहीत आहे, अशा चित्रणात कॅमेऱ्याची तिकाटणी लपवायला तळाशी एक गोल ठिपका चिकटवतात. मुलांनी त्यावर आपल्या गटाचं चिन्ह टाकलं होतं, हौसेनं, त्यात वाईट काही नाही. भाऊंनी नातवाला विचारलं, "हे खाली काय ठेवलंय?" नातवाला उत्तर देता येईना.

चष्मा काढल्यावर ते काठी घेऊन खाली बसले. धुळीत नदीची रेघ ओढली, पाडा काढला, मोहाची झाडं, देवाची जागा, कुणाचं घर कुठे ते. चूक झाली की पुसायचे, पुन्हा काढायचे. वसाहतीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन भांडायला लागल्या, ते घर तिथे नव्हतंच म्हणून. तासभर हे चाललं, आणि आम्हाला सगळ्यांना गाव दिसलं.

इथे थांबून 'बघा, यंत्रापेक्षा काठी श्रेष्ठ' असं म्हणणं सोपं आहे. आम्ही ते म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. निघायच्या वेळी भाऊंनी तो चष्मा स्वतः मागून घेतला. गुडघ्यांमुळे त्यांना आता तिथवर जाणं होत नाही. डोंगराचा तो माथा त्यांना पुन्हा बघायचा होता. बराच वेळ ते बघत बसले. ते जे पाहत होते त्याला आम्ही आभास म्हणावं, एवढी विद्वत्ता आमच्यात नाही. चाल्मर्स तिथे बरोबर होता.

तेव्हा यंत्र चांगलं की वाईट हा हिशोब नाही. त्या दिवशी दोन गोष्टी उणी होत्या, आणि दोन्ही भरून काढता येण्यासारख्या आहेत. बघणारा बोट दाखवतो तेव्हा शेजारच्याला ते दिसलं पाहिजे. त्याला तंत्र आहे, तेच चित्र मोठ्या पडद्यावर टाकता येतं, मुलं ते पुढच्या वेळी करणार आहेत. आणि ज्याचं गाव आहे तो मायावी झाला पाहिजे. होडीत कॅमेऱ्याबरोबर भाऊंसारखं कोणी बसलं पाहिजे आणि होडी कुठे थांबवायची ते त्याने सांगितलं पाहिजे. भांडणाऱ्या म्हाताऱ्याही हव्यात. त्यांचं भांडण कापू नका.

इतिहासाकडे परत येऊन सांगायचं तर, सदरलँडचा ठोकळा खोलीत होता, पटवर्धनांचा दिवा मांडवात होता, पेटीवाला यात्रेत होता. मधल्या काळात यंत्र फार पुढे गेलं आणि मायावी फार दूर गेला. तो हाकेच्या अंतरावर आणणं हे काही कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांवर सोपवून चालायचं नाही. ते लोणखेड्यातही होऊ शकतं.

आणि त्या तळाच्या ठिपक्याचं काय करायचं ते मुलांनी आम्हाला विचारलं होतं. आमचं उत्तर असं, की तिथे तुमचं चिन्ह नको, त्या गावाचं नाव लिहा. नाव कसं लिहायचं, हे आधी भाऊंना विचारा. कागदोपत्री एक लिहितात आणि गावातली माणसं वेगळंच म्हणतात.

इथे थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आम्ही इथेच बसलो आहोत.